राणीचं रडणं

साखरखेर्ड्याच्या नाटक मंडळीत राणीचं काम कारभारी नावाचा गडी करायचा. बाईमाणसानं रंगमंचावर जायचा तो काळच नव्हता. नव्या खेळाच्या तालमी लागल्या, की घरी त्याचं डोकं फिरायचं. भाकरीवरून सुरू व्हायचा, मग सासूवर घसरायचा आणि बायको, गीताबाई, रडेपर्यंत थांबायचा नाही. ती रडायला लागली, की मात्र समोर गप बसून टक लावून बघत राहायचा. तिला वाटायचं, मनातून पस्तावला असेल.

यंदा बीबी गावच्या जत्रेत तिनं पहिल्यांदाच त्याचा खेळ पाहिला. वनवासाला निघालेल्या राणीनं पदराचं टोक बोटांना गुंडाळलं, आधी डावा डोळा टिपला, हुंदका गिळला. बायकांच्या कनातीत रडारड झाली. गीताबाई तेवढी कोरडी बसली. ते पदर गुंडाळणं तिचं होतं, तो गिळलेला हुंदकाही तिचाच.

जत्रा उठली, नव्या खेळाच्या तालमी लागल्या. कारभाऱ्यानं ताट भिरकावलं.

"हे भाकर व्हय का खापर? तुह्या मायनं हेच शिकवलं का तुले?"

गीताबाईनं ताट उचललं, दुसरी भाकरी वाढली. त्यानं तिच्या माहेराचा पार उद्धार केला, तरी तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. शेवटी तोच वैतागला.

"आज काऊन नाही रडून राह्यली वं?"

"रडीन ना. पन आधी सांगा, या खेळात राणीचं कोन मरते? नवरा मरत असंन, त मले रडू येनार नाही."