हवेचा स्क्रू

"चाकं काय पाहता भाऊ, इंजिन आयका," घनश्याम म्हणाला आणि त्यानं किक मारली.

कारधा गावातल्या त्याच्या अंगणात निळा धूर पसरला. कोंबड्या पळाल्या. चार जाड चाकांची ती मोटारसायकल थरथरत, किंचाळत उभी होती. साकोलीकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा घनश्यामनं ती घेऊन ठेवली होती आणि आता विकायला काढली होती.

निकेशनं पुढचं एक चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, चेन दाबून पाहिली, प्लग काढून नाकाशी धरला. बेअरिंग गेलेलं, एअर फिल्टरच्या स्पंजाचा चुरा झालेला. पण इंजिनाचा दम शाबूत होता.

त्याच दुपारी एका टेम्पोत घालून त्यानं गाडी लाखनीला घरी आणली.

सुलोचनाबाईंनी कपाळाला हात लावला. "हे कायले आनलं बावा? ना धान वाहत, ना मानूस."

"दुरुस्त करतो आन घेऊन जातो, आई. माह्यासंग कारखान्यात होता त्या कमलेशनं पुण्याकडे अशा गाड्या फिरवाचा ट्रॅक टाकला हाये. ही धडधाकट झाली का मी हिच्यासंगच जातो. भागीदारीत."

"कायमचा?"

"कायमचा."

कृष्णराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी ऐकलं, मान वर केली नाही. धानाचा घरचा व्यापार सोडून पोरगा पुण्याच्या कारखान्यात गेला, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. ती नोकरी सुटून तो घरी आला, तरी अबोला तसाच होता.

धानाची पोती ठेवायच्या शेडमध्ये काम सुरू झालं. निकेशनं बेअरिंग बदललं, नवा स्पंज तेलात भिजवून बसवला, कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलनं धुतला. गाडी झकास सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फुरफुरली आणि बंद पडली. प्लग काढला तर काळा, ओलाचिंब.

नवा प्लग टाकला. पुन्हा तेच.

"पेट्रोलात तेल किती टाकून राहिला?"

आवाज ओट्यावरून आला होता. हे आपल्यालाच विचारलंय, हे निकेशच्या जरा उशिरानं ध्यानात आलं. त्यानं सांगितलं.

"मंग बराबर हाये." कृष्णराव खाली उतरले. तरुणपणी त्यांनी राजदूत झिजवली होती. त्यांनी प्लग हातात घेतला, वास घेतला. "तेलाचं नाही हे. हवा कमी पडून राहिली तिले."

खरंच, कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू आवळला गेला होता. तो सैल केला तशी गाडी गायला लागली. कृष्णरावांनी धोतर खोचलं, गाडीवर बसले आणि अंगणातल्या विहिरीला फेरी मारून आले. उतरताना ते हसत होते. निकेशनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

सकाळी स्क्रू पुन्हा आवळलेला.

मग हे रोजचंच झालं. सकाळी दोघं गाडीभोवती उकिडवे बसायचे, तासन्‌तास खोलाखोल करायचे. जेवतानाही तेच. धक्क्यानं फिरत असेल, आटेच झिजले असतील. सुलोचनाबाई वैतागायच्या.

"आज तं झाली ना चालू? मंग जाय ना घेऊन. धुरानं घर काळं झालं माहं." त्यांनी वाटेसाठी चिवडाही करून ठेवला होता.

शेवटी निकेशनं स्क्रूपासून शेजारच्या भागापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. सकाळी पाहतो तर रेघ तुटलेली. स्क्रू अर्धा फेरा फिरला होता आणि गाडी तर रात्रभर जागची हलली नव्हती.

म्हणजे कुणाचा तरी हात होता.

बाबांचा, दुसरा कोणाचा असणार? निकेशला राग आला नाही, नवल वाटलं. इतकी वर्षं ज्यांनी साधं कसा आहेस विचारलं नाही, त्यांना तो जायला नको होता? त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. स्क्रू नीट केला, गाडी दिवसभर फिरवली आणि जेवताना म्हणाला, "उद्या सकाळी टेम्पो येते. जातो मी."



उजाडताच अंथरुणावर उशी ठेवून त्यानं वर चादर ओढली, मागच्या दारानं शेडमध्ये गेला आणि पोत्यांच्या थप्पीमागे शिरला. तिथं आधीच कुणीतरी बसलं होतं.

"बाबा?"

"हळू बोल," कृष्णराव कुजबुजले. "तू काहून आला इथं?"

"तुमाले पकडाले."

कृष्णराव त्याच्याकडे बघतच राहिले. "मी तुले पकडाले आलो ना बे. मले वाटे, तुलेच जाचं नाही. तोंडानं सांगता येत नाही, म्हणून करून राहिला."

निकेशला हसू आलं. ते अगदीच खोटं आहे असंही त्याला म्हणता येईना. "मले वाटे, तुमालेच मले जाऊ द्याचं नाही."

"नाहीच द्याचं," कृष्णराव म्हणाले. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "पन स्क्रू मी नाही फिरवला."

शेडचं दार करकरलं. दोघांनी माना खाली घातल्या.

सुलोचनाबाई आत आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कमरेचा भाजी चिरायचा चाकू काढला, वाकून नेमका हवेचा स्क्रू गाठला आणि हलक्या हातानं अर्धा फेरा आवळला. मग चाकू पदराला पुसत त्या दारात गेल्या आणि घराकडे तोंड करून ओरडल्या, "निकेश, ऊठ ना रे बाबू! टेम्पो येईन ना आता!"