फाटकाजवळचं घर

निवृत्त गेटमन मच्छिंद्र यांनी टेबलावर छोटी आगगाडी मांडून रुळांच्या कडेनं आपलं अख्खं गाव उभं केलं होतं. पुठ्ठ्याची घरं, प्रत्येक घरात गव्हाच्या दाण्याएवढा दिवा. आज बटण दाबल्यावर सगळं गाव उजळलं, फाटकाजवळचं त्यांचं स्वतःचं घर तेवढं अंधारात राहिलं. त्यांनी दिवा बदलला, बटण खालीवर केलं, उठले, बसले, पुन्हा उठले. चहा गार झाला.

"तीस वर्षं फाटकावरचा दिवा विझू दिला न्हाई, आन् हा एवढासा लागंना!"

त्यांची बायको रतनबाई दारातच उभी होती. हातात सकाळी आलेली रेल्वेची नोटीस.

"वायर मीच काढलीय," ती म्हणाली. "दुसरा रूळ आपल्या घरावरनं जानार हाय. म्हटलं, तुमच्या डोळ्यांना आधी सवय व्हावी."