संपदाच्या मुंग्या

काशीमीऱ्याच्या त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ब्रॉडबँड नवीनच आलं होतं, आणि संपदाच्या मुंग्यांची टिंगल हा दळवी मॅनेजरांचा जेवणानंतरचा मुखवास झाला होता.

मुंग्या म्हणजे तिने नेटवर्कमध्ये शिरणारा चोर पकडायला बनवलेला प्रोग्रॅम. मुंगी जशी वासावरून मळलेली वाट ओळखते, तसा तो महिनाभर प्रत्येक टेबलावरचं रोजचं काम हुंगत होता. कुठे नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं, की घंटी वाजवायची एवढंच त्याला ठाऊक. पण घंटी एकदाही वाजली नव्हती.

"झोपल्यात तुमच्या मुंग्या, मॅडम," दळवी म्हणाले. "आज शेठ येतायत. सांगतोच त्यांना, मुंग्यांना आणि त्यांच्या मालकिणीला एकदमच घरी पाठवा."

"सांगा की," संपदा म्हणाली. "मी इथेच बसलेय."

शेठ आले, दळवींच्या टेबलापाशी थांबले, आणि घंटी खणखणली. संपदाच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत घुसखोराचं नाव आलं. कॉम्प्युटर दळवींचा.

दळवी खो खो हसले. "बघा शेठ. मी आपला गाड्यांचं बुकिंग बघतोय, तर मलाच चोर ठरवलं. काढून टाका हे खूळ."

शेठनी संपदाकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही.



"मुंग्या चुकल्या नाहीत, शेठ. दळवी साहेबांच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम उघडलेलं त्यांनी आज पहिल्यांदाच बघितलं."