पाठमोरा

आईच्या मोबाइलवर एक समीक्षक थोरल्याच्या शेवटच्या गाण्याचा व्हिडिओ फ्रेम न फ्रेम उलगडून सांगत होता. "अखेरच्या कडव्यात गायकाचा चेहराच नाही. नुसती पाठ, धुक्यात लांब जाणारी. जणू त्याला मरणाची चाहूल लागली होती! याला म्हणतात दिग्दर्शकाची नजर."

आईने तेवढाच तुकडा पुन्हा लावला आणि काचेवरच्या त्या पाठीवरून बोट फिरवलं.

"बघ, कसा ताठ चालतोय माझा लेक. नाहीतर तू, सदा पोक काढून!"

"हो ना," धाकटा म्हणाला.

दादा गेला तेव्हा अखेरच्या कडव्याचं शूटिंग राहून गेलं होतं, हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. दादाचा ढगळ होणारा कोट पुढून टाचण्यांनी आवळून त्या धुक्यात चालत गेला होता, तो धाकटाच.