काही नाही

भाईदास कंपाउंडर अंगणात शिरला आणि जोडे काढायचंच विसरला. समोर झुंबरबाई पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवून पसरवत होती. उजव्या हातावरसुद्धा.

विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून तीन महिने हा हात तिने गळ्यात बांधून ठेवला होता. आत हाड मोडलंय, उचलला की गळून पडेल, अशी तिला धास्ती. लेक बेबाची लग्नानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेचा माहेरपणाचा सण, आणि तिला आईच्या हातचा मांडा मिळायचा नाही, म्हणून सारखा डोळ्यांना पदर. शेवटी परवा धुळ्याला जाऊन हाताचा क्ष-किरणांचा फोटो काढून आली. तेव्हापासून बाईच्या अंगात वारंच शिरलं. सकाळपासून हा पंधरावा मांडा.

फोटो धुणारा भाईदासच. अंधाऱ्या खोलीतून त्यानेच ओरडून सांगितलं होतं, "काही नाही, साहेब." म्हणजे काचेवर काही उमटलं नाही. यंत्राची तार जळाली होती. एक किरण बाहेर पडला असेल तर शपथ. बाहेर बाकावर झुंबरबाईने ते ऐकलं, हात जोडले, आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत शिंदखेड्याची गाडी गाठलीसुद्धा. सणाला त्याच गावी निघालेल्या भाईदासला डॉक्टरांनी बजावलं होतं, बाईला परत घेऊन ये, फोटो पुन्हा काढायचाय.

"भाईदास, तुमना किरण आरपार गयात रे," झुंबरबाई खुशीत म्हणाली. "हात फूलनामायक हलका व्हई गया."

"अक्का, त्या किरणनंच सांगनं शे..."

"पहिले खाय. मंग सांग."

तिने हात खांद्याच्या वर उचलून मांडा तापल्या खापरावर टाकला. भाईदास तिच्या कोपराकडे टक लावून बघत होता. कुठे कळ नाही, अडखळ नाही. चुलीजवळ बेबा हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. धूर लागला म्हणे.

मांडा ताटात आला. भाईदासने तो दोन्ही हातांनी उचलला आणि दवाखान्यातली काच धरावी तसा, सवयीने, उन्हासमोर धरला. ऊन आरपार आलं. कुठे चीर नव्हती.

झुंबरबाईचा हात थांबला. "काय दिखस रे?"

"काहीच नही, अक्का," भाईदास म्हणाला आणि त्याने घास मोडला.