गार्थची हाक

गुरुवारच्या सरावाला येतानाच गार्थ सग्डनने ठरवलं होतं, आज खोटी हाक द्यायची.

रग्बी लीगमध्ये हाफबॅक म्हणजे संघाचं तोंड. तो एक नाव ओरडतो आणि बाकीचे बारा जण त्याप्रमाणे धावतात. यॉर्कशरमधल्या या गावात चालींना पबची नावं होती. पुढच्या फळीतले धटिंगण एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरतील, पब विसरायचे नाहीत. 'रेड लायन' म्हणजे डावीकडे, 'प्लाऊ' म्हणजे उजवीकडे.

सोमवारी सामन्याचं चित्रण बघताना गार्थला स्वतःचा आवाज ऐकू आला. आपण 'प्लाऊ' म्हणालो, हे त्याला पक्कं आठवत होतं. पडद्यावरचा गार्थ मात्र 'रेड लायन' ओरडत होता. आणि तरी अख्खा संघ उजवीकडेच पळाला होता! "मैदानात गोंगाट काय कमी असतो?" म्हणत प्रशिक्षक थॉर्पने विषय उडवून लावला.

तेव्हापासून गार्थच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पाय त्याचे पहिल्यापासून बेताचेच. जन्मभर तो खेळला डोक्याच्या जोरावर. मार खाऊन खाऊन तेच कामातून गेलं असेल, तर उरलं काय?

सराव सुरू झाला, चेंडू मागे गार्थकडे निघाला. गार्थने जीव खाऊन आरोळी ठोकली, "बेथल चॅपल!"

चॅपल म्हणजे प्रार्थनाघर; त्याचं नाव चालीला देणाऱ्याला या गावाने कालव्यात बुडवलं असतं. आता पोरं खो खो हसतील, शिव्या घालतील, 'म्हाताऱ्या, पिऊन आलायस का?' म्हणतील. गार्थला तेवढंच हवं होतं, मनात होतं तेच तोंडातून निघालं याचा पुरावा.

कुणी हसलं नाही. कुणी मानसुद्धा वळवली नाही. उजवीकडचे गडी बरोब्बर सुटले, गार्थच्या हातांनी सवयीने चेंडू त्यांच्याकडे फेकला आणि कोपऱ्यात रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय झाला. एक जण जरी हसला असता ना, गार्थ वाचला असता.

त्याने गर्रकन मागे पाहिलं. त्याचा जोडीदार जॉन्जो पाठीशीच उभा होता, उजवा हात डोक्यावर धरून. नजरानजर झाली तसा तो केस खाजवायला लागला.

"झकास हाक होती, म्हाताऱ्या."

"कुठली?"

जॉन्जो बुटाची नाडी बांधायला वाकला.

"बोल ना, कुठली हाक दिली मी?"

"प्लाऊ," जॉन्जो बुटांकडे बघत म्हणाला.

"चॅपल म्हणालो मी, गाढवा. चॅपल! कधीपासून चाललंय हे?"

"ईस्टरपासून."

"आणि सगळ्यांना माहितीये?"

"थॉर्पनेच सांगितलं सगळ्यांना. तू हाक दिलीस की माझ्या हाताकडे बघायचं."

तिकडून पोरं धावत आली आणि त्याच्या पाठीवर थापा मारून, 'वा, काय हाक दिलीस' म्हणत आपापल्या जागी गेली. सगळी चांगली पोरं. एकाच्याही तोंडावर काही दिसू नये म्हणून प्रत्येक जण धडपडत होता. गार्थला रडू कोसळायच्या बेतात होतं.

"मग मला ठेवलंय कशाला रे? शोभेला?"

"तसं नाही रे," जॉन्जो अगदी मनापासून म्हणाला. "तू ओरडलास की समोरचे सगळे तुझ्याकडेच बघत बसतात. त्यांना अजून वाटतं, खेळ तूच चालवतोस."

थॉर्पची शिट्टी झाली. रांग पुन्हा लागली. गार्थने छाती भरून श्वास घेतला आणि तोंडाला येईल ते ओरडला.