नदीकडची खिडकी

पोलादपूरजवळ सावित्रीच्या काठावरचं चंद्राबाईंचं रिकामं घर आमच्या गळवाल्यांच्या क्लबनं विकत घेतलं. मासे धरायला येणाऱ्या सभासदांना दोन दिवस राहता यावं म्हणून. कंपनीला सुट्टी असेल त्या दिवशी जाऊन आम्हीच कौलं शाकारली, रंग काढला. नदीकडची खिडकी मात्र कुणीतरी विटा लावून बुजवली होती.

"समोर एवढा डोह, आणि खिडकी बुजवणारा येडाच म्हणायचा!" असं म्हणत किशोरनं पहिला घण घातला.

उद्घाटनाचा नारळ चंद्राबाईंच्याच हातून फोडला. मग मोठ्या कौतुकानं त्यांची खुर्ची त्या खिडकीशी मांडली. चहा निवला, माणसं पांगली, तरी त्या उठेनात.

"आजी, चला, घरी सोडतो," किशोर म्हणाला.

"माझा अनंता ह्या डोहात उतरला, तो गावलाच नाय. मी दिसभर हितंच बसून ऱ्हायची, जेवायला पन उठायची नाय. म्हणून आमच्या ह्यांनी खिडकी बुजवली." त्यांची नजर पाण्यावरून हलली नाही. "बरं केलंस रे, उघडलीस. तू जा. तो येईस्तोवर मी बसते."